एक्झॉस्ट फॅन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात रबराचा चीक मशीनवर गरगर फिरवून दाट करायचे आणि तो नासू नये म्हणून त्यात अमोनिया सोडायचे. त्या वासाने डोळे चुरचुरायचे, छातीत आग पडायची. म्हणून आमच्या खात्यात प्रत्येकाला रोज अर्धा लिटर दूध मिळायचं. ते तिथेच प्यायचं असा कंपनीचा नियम, पण घरी पोरं असताना ते घशाखाली कसं उतरणार? आम्ही सगळे बाटलीत भरून घरी न्यायचो.

युनियनचा गोमाजी मात्र पेटलेला. "दूध देऊन गप्प बसवतात रे आपल्याला! आधी हवा साफ करा म्हणावं!" अठ्ठ्याऐंशी साली तो गेटवर उपोषणाला बसला, तेव्हा कुठे कंपनीने भिंतीत मोठा एक्झॉस्ट फॅन बसवला. आम्ही फॅनला हार घातला आणि गोमाजीच्या हातून नारळ फोडला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाले, "आता वास येत नाही ना? मग दूध बंद."

गोमाजी रिकामी बाटली घेऊन कळव्याला घरी गेला. त्याची बायको मंजुळा एवढंच म्हणाली, "आता पोरीला काय तुमच्या फॅनची हवा पाजू?"

 

सोमवारी खात्यात शिरलो तर डोळ्यांना धाराच लागल्या. फॅनची वायर कापलेली होती, आणि गोमाजी खोकत खोकत मॅनेजरना विचारत होता, "साहेब, दूध आजपासून चालू ना?"