भरल्या बोटीची परीक्षा

हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी ह्यांना पॅडल मारायला बंदी घातली. सायकल सुटली तर घरोघरी पेपर टाकायची लाईनही सुटणार, म्हणून ह्यांनी सगळ्यात स्वस्त इंजिन ऑनलाइन मागवून सायकलला बसवलं. स्टँडवर ते छान फटफटलं, पण सासरे पडले मासेमारी बोटीवरचे तांडेल, म्हणजे कप्तान. "रिकाम्या बोटीवर इंजिन पारखत न्हाय," ते म्हणाले. "सूनबाई, बस मागं." "मामंजी, मी अठ्ठ्याहत्तर किलो आहे!" "म्हणूनच." उत्तनच्या चढावर अर्ध्यात इंजिन घोगरं झालं. "पॅडल मारू नका हं!" मी ओरडले. "मारत नाहीय गं!" पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मी ह्यांच्या शब्दावर विसंबत नाही. वाकून पाहिलं, तर पाय खरंच स्वस्थ होते. तरीही खात्रीसाठी त्यांच्या पाठीला कान लावला. चढ संपला, तेव्हा इंजिन धापा टाकत होतं आणि हे गुणगुणत होते.