दुसऱ्या रांगेतले ओठ

साबणाने हात धुऊन, कोरडे करून मी आरशापुढे बसलो. आधी लेन्स, मग रंग, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज वापरायला त्या परवडल्या नसत्या. पण एका प्रयोगाला एक जोडी आणि नंतर ती कचऱ्यात, एवढं माझ्यासारख्या हौशी नटाला झेपत होतं.

राजाला चष्मा चालत नाही. त्यामुळे इतकी वर्षं मी धुक्यातच राज्य केलं. सिंहासन पावलांनी चाचपायचं, प्रधान आवाजावरून ओळखायचा आणि प्रेक्षक म्हणजे नुसता खोकणारा अंधार.

आज पडदा उघडला आणि त्या अंधाराला चेहरे फुटले. दुसऱ्या रांगेत माझी बायको वैजू बसली होती. तिचे ओठ हलत होते. माझंच वाक्य, माझ्याबरोबर, शब्दन् शब्द. बघता बघता मी बोलायचाच थांबलो. पुढचं काही आठवेना. तिचे ओठ मात्र पुढे गेले. मी ते वाक्य तिथून उचललं आणि टाळ्या पडल्या.

प्रयोगानंतर वैजू आत आली तेव्हा मी पुन्हा हात धुऊन लेन्स काढत होतो.

"अजून नव्यासारख्या दिसतात. उद्याच्या प्रयोगाला नाही चालणार?"

"नाही. डोळ्यांशी खेळ नको." मी त्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि चष्मा चढवला. "तू कधीपासून बोलतेस असं माझ्याबरोबर?"

"पहिल्या नाटकापासून." ती म्हणाली. "मला वाटायचं, एवढं तरी तुम्हाला दिसत असेल."