कोरमपुरती

भुईगावच्या वाचनालयाच्या विश्वस्त मंडळावर रोवेनाला घेतलं, तेव्हा "आता तरुण रक्त हवं," असं अध्यक्ष क्लेमेंट अंकलच भाषणात म्हणाले होते. बैठकीत मात्र तिची खुर्ची टेबलापासून लांब, भिंतीला टेकलेली. तिने तोंड उघडलं की उत्तर ठरलेलं: "तू अजून लहान आहेस गो, ऐकून घे."

आज अभ्यासिका बंद करून ती खोली लग्नकार्यांना भाड्याने द्यायचा ठराव होता. कोरमला पाच डोकी लागायची, आणि रोवेनाला धरून बरोबर पाचच जमली होती.

"मग परीक्षेची पोरं बसणार कुठे?" तिने विचारलं.

"लहान आहेस, ऐकून घे."

रोवेना उठली, ती थेट शेजारच्या अभ्यासिकेत जाऊन पोरांमध्ये बसली.

क्लेमेंट अंकल धावतपळत मागे आले. "अगो, चल आत! तुझ्याशिवाय कोरम होत नाही, ठराव लटकलाय!"

"लहान आहे ना मी, अंकल? मग मला मोजता कशाला?"

अंकल पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आणि जरा हळू. इथे पोरं अभ्यास करतायत."