घुमटाखालची मॅडम

तारांगणात आई माइकवर बोलायची आणि मी प्रोजेक्टर चालवायचे. घुमटाखाली नातं आणायचं नाही, असा तिचा दंडकच होता. तिथे ती माझीही मॅडम.

त्या दिवशीचा खेळ नेहमीसारखाच झाला. "हा निळा तारा बघा. जितका तेजस्वी, तितका उधळ्या! सगळं इंधन भराभर जाळतो, मग फुगून लाल होतो आणि एक दिवस..." मी स्फोट दाखवला आणि घुमट काळा केला. शाळेची मुलं एकमेकांना बिलगली. अंधार तिने नेहमीसारखाच लांबवला.

"मॅडम, पोरं रडतील हं," मी कुजबुजले.

"रडली तर रडू देत. लगेच उजेड केलास, तर काय विझलं ते कळणार कसं?"

मग तिने नव्या ताऱ्यांसाठी खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

महिन्याभराने माइकही माझ्याकडे आला. निळा तारा लाल झाला, फुटला, अंधार पसरला आणि मीही तो तिच्यासारखाच लांबवला.

"ताई, संपला तो?" पहिल्या रांगेतल्या चिमुरडीने विचारलं.

"नाही गं. त्याच्या धुळीतून नवे तारे होतात. तुझ्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम, सगळं असल्याच ताऱ्यांमध्ये तयार झालंय."

"चल! तुला कुणी सांगितलं?"

मी बटण दाबलं. घुमटभर नवे तारे उगवले.

"माझ्या आईने," मी माइकवरून म्हणाले, "इथेच."