काटा वीसवर

"हिटिंगचा काटा वीसवर नेला तरी काही होत नाही रे बाळा," मेव्हिसबाईंनी वायरमन क्लाइव्हला सांगितलं. त्याने काटा वीसवर नेला. बॉयलर लगेच गुरगुरला, रेडिएटर तापू लागले. मग बिघडलंय काय? त्याला काट्यामागे एक जादा वायर दिसली. तिच्या मागोमाग तो बागेतल्या शेडमध्ये पोचला. तिथे मेव्हिसबाईंचे म्हातारे नवरे नॉर्मन पक्ष्यांसाठी लाकडी घरटं ठोकत होते. वायर त्यांच्या डोक्यावरच्या लाल दिव्यात संपत होती.

"बायको गुपचूप काटा वाढवते," ते कुजबुजले. "दिवा लागला की मी धावत जाऊन खाली आणतो. वीस वर्षं तिला पत्ता नाही. पण तीन दिवस दिवा लागलाच नाही. सुधारली वाटतं."

दिव्याचा बल्ब गेलेला होता. क्लाइव्ह घरात परतला.

"आजी, हिटिंग तर ठणठणीत आहे."

"ते ठाऊक आहे मला," मेव्हिसबाई ओव्हनमधून फुगलेलं पुडिंग काढत म्हणाल्या. "शेडमधला दिवा तेवढा बदल. जेवायला हाक मारली की यांना ऐकू येत नाही, आणि तीन दिवस यांची वाट बघता बघता माझं पुडिंग खाली बसतंय."