गटारातून चालणारे रोमन

"बाबा, रोमन लोकांना तुम्ही गटारातून चालायला लावलंय."

खंडेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठे?"

"हे काय. क्रेपीदिने म्हणजे रस्त्याच्या कडेचा उंच फुटपाथ. तुम्ही इंग्रजीत चक्क ड्रेन लिहिलंय."

"अरेच्चा!" ते हसले. सृष्टीला मात्र हसू आलं नाही.

याच माणसाने नोकरीभर इटालियन यंत्रांची जाडजूड माहितीपुस्तकं इंग्रजीत आणली होती. लेकीला घासागणिक इटालियन शब्द भरवले होते. आणि आता प्राचीन रस्त्यांवरचं एक पुस्तक त्यांना पेलवेना! काल व्हीकोलोचा, म्हणजे साध्या बोळाचा, त्यांनी हायवे केला. परवा बासोलाटोला, काळ्या दगडी फरसबंदीला, मातीचा रस्ता म्हणाले.

पुण्याची नोकरी सोडून सृष्टी नाशिक रोडच्या घरी परतली होती. बॅग अजून खोलीच्या कोपऱ्यात तशीच बांधलेली होती. पहिले काही आठवडे ती नुसती पडून असायची, दमल्यासारखी. आता बाबांच्या चुका काढायला रोज जेवणाच्या टेबलाशी येऊन बसावं लागे. समोर ताट असलं तर दोन घास पोटात जात. मैत्रिणींचे फोन ती घेत नव्हती आणि झोप तर केव्हाच उडाली होती. बाबांचं डोकं रिकामं होत चाललंय, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईमागे तिला तेवढेच तर उरले होते.

"बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या," शेवटी तिने धीर केला.

ते चिडतील असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "तू येणार असशील तर जाऊ. पण डॉक्टर मी बघणार आणि नंबरही मीच लावणार."

"येणार म्हणजे काय! तुम्हाला एकट्याला सोडते की काय?"

जिन्याच्या पायरीवर तळमजल्यावरच्या बयाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. "अगं बया, सृष्टी! लय दिवसांनी उन्हात दिसली."

"बाबांना बरं नाही हो," ती कुजबुजली.

बयाबाईंनी खंडेरावांकडे पाहिलं आणि पुन्हा मेथीत मान घातली.

गंगापूर रोडच्या दवाखान्यात गर्दी होती. सृष्टी कधी उठत होती, कधी बसत होती. नखं खाऊन संपली. बाबा निवांत होते, हे तर तिला आणखीच वाईट लक्षण वाटलं. आत काय विचारतील कोण जाणे, म्हणून तिने त्यांची उजळणी घ्यायला सुरुवात केली.

"बाबा, क्रेपीदिने?"

"कडेचा उंच फुटपाथ. गाड्या खालून, माणसं वरून."

"व्हीकोलो?"

"बोळ. आपल्या जुन्या नाशकात आहेत तसा."

"आणि बासोलाटो?"

"काळ्या दगडाची फरसबंदी. मातीचा रस्ता नव्हे."

सृष्टी बघतच राहिली. "सगळं येतंय की तुम्हाला! मग घरी का चुकत होतात?"

तिच्या मांडीवरची पर्स खंडेरावांनी अलगद आपल्याकडे घेतली.

तेवढ्यात केबिनचं दार उघडलं आणि नर्सने हाक मारली, "पेशंट सृष्टी बोरस्ते. वडील बाहेरच थांबतील."