तळव्यावरचा हात

“अहो काकू, नको!” समोरच्या मुलीने पाय झटकन मागे ओढला. “तुम्ही मोठ्या. माझ्या पायांना हात लावलात, तर पाप मला लागेल.”

सोसायटीच्या हॉलमध्ये तळवे दाबायचा वर्ग होता आणि शिकवणाऱ्या बाईंनी जोड्या लावून दिल्या होत्या. मालनबाईंचा हात तसाच राहिला. रात्रंदिवस पाय ठणकायचे आणि घरात दाबून देणारे कोणी नव्हते, म्हणून तर त्या शिकायला आल्या होत्या.

“मग मी शिकू कशी गं?”

“मी तुमचे दाबते. बघून शिका.” मुलीने आधी वाकून पायांना हात लावला.

“सुखी राहा,” मालनबाई सवयीने म्हणून गेल्या.

मग तिने त्यांचा पाय सरळ मांडीवर घेतला. अंगठा डोक्यासाठी, टाच कंबरेसाठी, बाईंनी शिकवलेले ती सांगत होती. मालनबाईंनी डोळे मिटले होते. मुलगा दिवाळीला फोनच्या पडद्यावरूनच नमस्कार करायचा. यजमान गेल्यापासून त्यांच्या पायांना माणसाचा हात असा लागला नव्हता.

“काकू, दुखतंय का?”

“नाही गं. दाब तू.”

घरी पलंगावर बसून त्यांनी बोटांना खोबरेल लावले. कुठे दाबायचे, काही म्हणता काही आठवेना. शेवटी कंबरेतून वाकून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्याच पावलांवर ठेवले.



“सुखी राहा,” त्यांच्या तोंडून निघाले.